तोटा फक्त एसटीलाच कसा होतो?

रेल्वेच्या तिकिटावर बरीच वर्षं एक ओळ छापून येत होती. प्रवासावर होणाऱ्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, अशी. ऑनलाइन तिकिटावर तर थेट हिंदीत प्रश्न असायचा, की तुमच्या भाड्याचे ४३ टक्के देशातले सामान्य नागरिक सोसतात हे तुम्हाला माहीत आहे का. म्हणजे वेटिंगचं तिकीट हातात घेऊन, स्लीपरच्या एका बर्थवर दोघं अशी रात्र काढणाऱ्यानेही आधी उपकार मानायचे आणि मग गाडीत चढायचं.

आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा हिशेब एकाच प्रकारच्या प्रवाशाला ऐकवला जातो. फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याचा मेसेज मोटारवाल्याला येतो, त्यात असं कधी लिहिलेलं नसतं की साहेब, या सहापदरी रस्त्याची जमीन, बांधकाम आणि व्याज यांतला इतका वाटा ज्यांच्या दारात कधी मोटार उभी राहणार नाही अशांनी भरला आहे. गाडी रात्रभर ज्या सार्वजनिक रस्त्यावर लावलेली असते, त्या जागेचं भाडं कोण भरतं तेही आरसी बुकावर छापलेलं नसतं.

जून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे हे त्यातून पुन्हा एकदा समजलं आणि दोन दिवस 'एसटी गाळात' छापाच्या चर्चा झाल्या. श्वेतपत्रिका काढली हे बरंच झालं. पण समृद्धी महामार्गाची श्वेतपत्रिका काढा, अटल सेतूची काढा, असं कोणी म्हणालं तर त्याला विकासविरोधी ठरवायला पाच मिनिटं लागणार नाहीत. महाराष्ट्रात बस आणि रेल्वे तोट्यात जातात आणि रस्ते मात्र कधीच तोट्यात जात नाहीत. असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

एसटी महामंडळाचा सगळा जमाखर्च एकाच वहीत लिहिला जातो. डिझेल, टायर, चालक-वाहकांचे पगार, आगारांची दुरुस्ती, राष्ट्रीय महामार्गावरचा टोल, प्रवासी कर, सगळं एका बाजूला आणि तिकिटाचे पैसे दुसऱ्या बाजूला. वर्षअखेरीला वजाबाकी केली की तोटा डोळ्यांसमोर येतो. रस्त्याचं तसं नाही. भूसंपादन एका खात्यात, कर्ज रस्ते विकास महामंडळाच्या पुस्तकात, त्या कर्जाची हमी राज्याच्या डोक्यावर, दुरुस्ती सार्वजनिक बांधकामकडे, अपघातातला जखमी आरोग्य खात्याकडे आणि धूर ज्याचा त्याच्या छातीत. ही बेरीज करायचं काम कोणाकडेच नाही. जी बेरीज कोणी करत नाही, तिचा तोटाही निघत नाही.

याचा परिणाम सरळ धोरणावर होतो. अर्थसंकल्पात एसटीला दिलेला पैसा अनुदान म्हणून दिसतो, आणि अनुदान म्हटलं की ते कधीतरी बंद करायचं असतं. महामार्गाला दिलेला पैसा भांडवली खर्च म्हणून दिसतो, आणि भांडवली खर्च जितका जास्त तितका सरकारचा गौरव.

आता एसटीकडून सरकार काय घेतं ते पाहू. १९४८ च्या १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, प्रवासी कराचा कायदा झाला. आज त्या कायद्याखाली एसटीच्या ग्रामीण आणि लांब पल्ल्याच्या भाड्यावर १७.५ टक्के कर आहे. एसटीच्या संघटना वर्षानुवर्षं हा कर कमी करा म्हणताहेत. मुंबईहून नागपूरला विमानाच्या इकॉनॉमी वर्गाने गेलं तर तिकिटावर जीएसटी ५ टक्के. एसी रेस्टॉरंटमध्ये बसून जेवलं तरी ५ टक्के. परतूरहून जालन्याच्या दवाखान्यात निघालेल्या पंचाहत्तरीच्या म्हातारीचं तिकीट २०२२ पासून माफ आहे, पण तिला धरून नेणाऱ्या लेकाच्या तिकिटावर मात्र १७.५ टक्के. (विमानाच्या इंधनावरही कर असतात असं कोणी म्हणेल. एसटी काही पाण्यावर चालत नाही, तीही डिझेलवरचा व्हॅट भरतेच.)

२०२३ च्या १७ मार्चपासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. निर्णय चांगला होता, आणि तो किती चांगला होता हे गाडीत चढल्याबरोबर दिसतं. ज्या बायका वर्षातून एकदा माहेरी जायच्या त्या आता दवाखान्याला, बाजाराला, बँकेत स्वतःच्या स्वतः जातात. पण सवलतीची प्रतिपूर्ती सरकारने एसटीला द्यायची आणि प्रवासी कराच्या रूपाने सरकारने एसटीकडून घ्यायचं, हा डाव्या हाताने देऊन उजव्या हाताने काढून घेण्याचा खेळ झाला. प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर आले नाहीत की पगार रखडतात, पगार रखडले की आंदोलन, आणि आंदोलन झालं की लोक म्हणतात एसटीचं काही खरं नाही. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्या वाढीतही कराचा हिस्सा आहेच.

मुक्कामी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे आकडे न सांगताही कळतील. तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी शेवटची गाडी निघते, आठ-साडेआठला वाटेवरच्या शेवटच्या गावात पोचते आणि तिथेच थांबते. चालक-वाहक देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत पथारी टाकतात, कोणाच्या तरी घरून भाकरी येते. सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला परत निघते. टपाल-दुधाची कामं, कोर्टाची तारीख असलेला एखादा, भाजीच्या पाट्या, आणि मागच्या अर्ध्या गाडीत कॉलेजच्या मुली. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो. त्या पासाच्या जोरावर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या किती मुली दहावीच्या पुढे शिकल्या याची मोजदाद कुठल्या खात्याच्या नफ्यात धरली जाते मला ठाऊक नाही.

गाड्या कमी पडल्या की आगारातून पहिला घाव या फेरीवर पडतो. भारमान कमी, डिझेल जास्त, गाडी रात्रभर अडकून पडते, असं कारण दिलं जातं, आणि आगारप्रमुखाच्या खुर्चीतून ते खरंही असतं. गाडी बंद झाली की मुलगे मोटारसायकलवर तिघं बसून जातात. मुलींच्या हातात पास राहतो, गाडी नसते. मग वडाप सुरू होतं, मराठवाड्याकडे काळी-पिवळी. दहा जणांच्या जीपमध्ये अठरा जण, दोघे मागे लोंबकळत. ती भरली की निघणार, न भरली की नाही निघणार. वडापवाल्याला वाईट म्हणायला मी धजणार नाही, त्याने निदान गाव सोडलेलं नाही.

कोरोनाच्या आधी एसटीकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. त्यानंतर २०२१-२२ चा तो पाच-साडेपाच महिन्यांचा संप झाला, जुन्या गाड्या भंगारात गेल्या, आणि ताफा पंधरा हजारांच्या खाली-वर रेंगाळत राहिला. तमिळनाडूची लोकसंख्या आपल्यापेक्षा बरीच कमी, पण तिथल्या सरकारी महामंडळांकडे वीस हजारांच्या घरात बस आहेत. श्रीमंत राज्य म्हणून मिरवताना ही तुलना कोणी काढत नाही.

२०२५ साली महाराष्ट्रात दोन गोष्टी साडेतीन महिन्यांच्या अंतराने घडल्या. ५ जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर-बीड मार्गावर पहिली प्रवासी रेल्वे धावली. समृद्धीची घोषणा २०१५ ची. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाची मंजुरी १९९५ ची. एकूण लांबी २६१ किलोमीटर, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गाडी पोचली ती बीडपर्यंत. परळी अजून पुढे होती.

हा फरक डोंगरदऱ्यांचा नाही. कसाऱ्याच्या घाटात जवळपास आठ किलोमीटरचे जुळे बोगदे समृद्धीनेच खोदले. फरक पैशाच्या वाहण्याचा आहे. समृद्धीसाठी एक महामंडळ पूर्णवेळ कामाला लागलं, बँकांकडून कर्ज उभं राहिलं, सिडको, म्हाडा, एमआयडीसी अशा संस्थांच्या तिजोऱ्यांना हात घातला गेला, जमीन थेट खरेदीने चढ्या भावाने घेतली गेली आणि मुख्यमंत्र्यांनी स्वतः पाठपुरावा केला. पंचावन्न हजार कोटींच्या वरचा प्रकल्प दहा वर्षांत उभा राहिला. बीडच्या मार्गाला मात्र दर अर्थसंकल्पात थेंब थेंब पैसा मिळाला. निम्मा वाटा राज्याचा, निम्मा केंद्राचा असं ठरलं आणि मग तुम्ही आधी द्या, आम्ही नंतर देतो यात वर्षं गेली. साडेतीनशे कोटींच्या आसपासचा मूळ अंदाज चार हजार आठशे कोटींच्या घरात गेला. उशीर केला म्हणून खर्च वाढला, आणि खर्च वाढला म्हणून प्रकल्प परवडत नाही असंही मधल्या काळात ऐकवून झालं. वर्धा-यवतमाळ-नांदेड, वैभववाडी-कोल्हापूर यांची गोष्ट सांगत बसलो तर लेख इथेच संपेल.

समृद्धी नको होता असं मी म्हणत नाही. नागपूरचा संत्रेवाला, अकोल्याचा व्यापारी, रुग्णवाहिका, यांना त्याचा उपयोग आहे. पण त्या रस्त्यावर कोण जाऊ शकतं ते बघा. मोटारीला नागपूर ते मुंबई एका बाजूचा टोल चौदाशे रुपयांच्या वर. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. ज्या शेतकऱ्याची जमीन या रस्त्यात गेली त्याच्या घरात जी दोन वाहनं असतात, नेमकी त्यांनाच रस्त्यावर मज्जाव. मुंबईचा सागरी किनारा मार्ग, तिथे दुचाकी नाही. अटल सेतू, तिथेही नाही. कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते पटण्यासारखं आहे, ताशी शंभरने धावणाऱ्या मोटारींमध्ये दुचाकी मरायलाच जाईल. मात्र मग एक गोष्ट ओघाने येते. ज्याला स्वतःच्या वाहनाने या रस्त्यावर जायला बंदी आहे, त्याला तिथे नेणारी बस हवी. तीही पुरेशा संख्येने, परवडणाऱ्या भाड्यात. एवढी साधी अट या महागड्या रस्त्यांच्या मंजुरीला जोडलेली नाही. शिवाय समृद्धी गावांना टाळून जातो. मधल्या दोनशे-चारशे गावांसाठी तो म्हणजे कुंपणापलीकडून जाणारा आवाज.

मोटारवाल्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात नवी पेट्रोल मोटार घेताना किमतीच्या ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के एकरकमी कर भरावा लागतो. पेट्रोलवर व्हॅट आणि वर उपकर. टोल वेगळा. एवढं भरून मुंबई-गोवा महामार्गावर २०११ पासून चाललेलं काम बघत, खड्ड्यांतून मणके मोजत जायचं, तर माणूस चिडणारच. पण हा कर घेतला जातो तो गाडी विकत घेण्यावर, ती कुठे आणि कधी चालवली यावर नव्हे. गडचिरोलीत महिन्यातून चारदा गाडी काढणारा डॉक्टर आणि रोज सकाळी नऊला एकट्यासाठी मोटार घेऊन मुंबईच्या बीकेसीत शिरणारा अधिकारी, दोघांनी सारखाच एकरकमी कर भरलेला असतो. एकदा भरला की पुढे पंधरा वर्षं गर्दीत भर घालायची जवळपास मोकळीक.

आणि जिथे कर घ्यायला हरकत नव्हती तिथे सरकारचा हात थरथरतो. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. तीस लाखांवरची मोटार घेणाऱ्याला तो जड जाणार नव्हता. त्याच महिन्यात सरकारने तो मागे घेतला. केंद्राचं पाहायचं तर ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक मोटारीवर जीएसटी ५ टक्के, मग ती पन्नास लाखांची का असेना, आणि साध्या डिझेल बसवर २८ टक्के. पन्नास माणसं वाहणाऱ्या वाहनावर चैनीच्या वस्तूचा दर! सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ वर आला, तेव्हा मोटारी स्वस्त झाल्याच्या आनंदात बसची बातमी कुठल्या कुठे दडून गेली.

टोलमाफीचंही असंच. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. नाक्यावरच्या रांगा गेल्या, लोक सुखावले, मीही त्या रांगेत धूर खाल्लेला आहे. पण माफी म्हणजे कोणीतरी भरणं आलंच. कंत्राटदाराची वसुलीची मुदत २०२९ पर्यंत वाढली आणि ट्रक-टेम्पोंचा टोल चालूच राहिला. तो भाजीच्या भावात मिसळतो, आणि भाजी मोटार नसलेलेही खातात.

इथे एक तांत्रिक मुद्दा मोटारवाल्यांच्या बाजूने आहे, तोही सांगतो. रस्ता झिजतो तो मुख्यतः अवजड वाहनांनी. अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज ढोबळमानाने सोळा पट होते, असं अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या चाचण्यांपासून रस्ता अभियंते मानत आले आहेत. त्या हिशेबाने मोटार रस्त्याला ओरखडाही काढत नाही. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची कायदेशीर अ‍ॅक्सल क्षमता सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली तेव्हा वाहतूकदार खूश झाले, आणि त्याची किंमत डांबराने मोजली. म्हणजे न्यायाने बघितलं तर ट्रककडून झिजेचे पैसे घ्यायला हवेत आणि मोटारीकडून जागेचे. मोटार रस्ता झिजवत नाही, ती रस्ता अडवते. आपण ट्रककडून थोडंफार घेतो, जागेचे मात्र कोणाकडूनच नाही.

जागेचा हिशेब मुंबईत करून बघा. मोटार उभी करायची प्रमाण जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. दोन मोटारींची जागा पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात कित्येक वर्षं एका अख्ख्या कुटुंबाला मिळणाऱ्या घराचं क्षेत्रफळ हेच होतं, २६९ चौरस फूट. त्या घरासाठी माणसाला १९९५ पासूनचे, २००० पासूनचे पुरावे गोळा करावे लागतात, पात्र-अपात्रतेच्या यादीत नाव शोधावं लागतं. तेवढीच जागा दोन मोटारी दादरच्या एखाद्या गल्लीत विनापुरावा, विनाभाडं, वर्षानुवर्षं अडवून बसतात. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नाही, असा विचार सरनाईकांनी २०२५ मध्ये मांडला. जपानमध्ये हा नियम १९६० च्या दशकापासून आहे. विचार योग्यच आहे, आणि त्यावर झालेला आरडाओरडा अपेक्षित होता. पण एक खरी अडचण त्यात आहे: मोटार घेऊ नका म्हणायचं तर बस कुठे आहे?

मुंबई महापालिकेने साडेदहा किलोमीटरच्या सागरी किनारा मार्गावर चौदा हजार कोटींच्या आसपास खर्च केले. टोल नाही, सगळ्यांसाठी मोफत, म्हणजे मोटार असलेल्या सगळ्यांसाठी. त्याच महापालिकेने २०२५-२६ मध्ये बेस्टला एक हजार कोटी दिले आणि ते देतानाही बेस्टने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं हे सुनावलं. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. महिन्याभराने, ९ जूनला, मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. मग स्वयंचलित दारांच्या घोषणा झाल्या. दारं लावा, पण दाराबाहेर लटकणारी माणसं आत कुठे मावणार याचं उत्तर जास्त गाड्या हेच आहे, आणि त्यासाठीचा मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा ३३,६९० कोटींचा टप्पा २०१९ पासून मंजूर आहे.

कोकणचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीसाठी कोकण रेल्वेने मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडी काढली, कोलाड ते वेर्णा, एका मोटारीला ७,८७५ रुपये. ट्रकांची रो-रो कोकण रेल्वे १९९९ पासून चालवते आणि ती फार शहाणपणाची कल्पना आहे. मोटारींच्या गाडीला मात्र अगदीच थोडा प्रतिसाद मिळाला. त्याच आठवड्यात कन्फर्म तिकिटाच्या शोधात चाकरमानी दिवस-रात्र एक करत होते आणि एकेरी मार्गावर जादा गाडी घुसवायला जागा नाही हे उत्तर ऐकत होते. मोटारीसाठी ती जागा निघाली.

आता एसटीच्या बाजूने बोलणाऱ्याला हमखास ऐकावं लागणारा आक्षेप. एसटीचा कारभार भोंगळ आहे, खरेदीत गोंधळ आहेत, गाड्या पावसात गळतात, स्टँडवरच्या स्वच्छतागृहात नाक दाबून जावं लागतं. सगळं खरं. नुसता कर कमी करून हे सुधारणार नाही हेही खरं. मग खासगी ट्रॅव्हल्स नफ्यात कशा, असंही विचारतात. ट्रॅव्हल्स पुणे-नागपूर जाते. भोरच्या पलीकडे घाटमाथ्यावरच्या वस्तीत मुक्कामाला जात नाही, आणि तिने जावं अशी अपेक्षाही नाही. म्हणूनच सरकारने एसटीला तोट्याची भीक घालण्याऐवजी सरळ करार करावा. अमुक गावाला दिवसातून इतक्या फेऱ्या, सकाळी सहाची आणि संध्याकाळी सहाची चुकता कामा नये, आणि त्या फेऱ्यांचे किलोमीटरमागे इतके पैसे, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. फेरी चुकली तर पैसे कापा. तेव्हा कळेल तोटा नक्की कशाचा होता, कारभाराचा की गावाचा. प्रवासी कर विमानाच्या तिकिटाइतका, ५ टक्क्यांवर आणा. आणि शंभर कोटींच्या वरच्या प्रत्येक रस्त्यासाठी एसटीसारखीच एक वही उघडा, ज्यात जमीन, व्याज, हमी, दुरुस्ती, टोलमाफीची भरपाई एका पानावर दिसेल. ते पान बघूनही रस्ता हवा वाटला तर खुशाल बांधा.

असं पान शक्तिपीठ महामार्गासाठी आधी उघडायला हवं. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, अंदाज ८६ हजार कोटींच्या वरचा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नुसत्या भूसंपादनाच्या टप्प्यासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. एसटीने २०२४ मध्ये २,१०४ नव्या गाड्यांची ऑर्डर दिली ती ९८१ कोटींना, म्हणजे गाडीमागे शेहेचाळीस-सत्तेचाळीस लाख. जमिनीच्या त्या पैशात चाळीस हजारांच्या वर गाड्या येतील, एसटीच्या आजच्या ताफ्याच्या जवळजवळ तिप्पट. तेवढ्या कोणी घेणार नाही, घेतल्या तरी चालवायला माणसं आणि डिझेल लागेल, हे मला कळतं. पण त्यातल्या दहाव्या हिश्श्यात मुक्कामी गाड्या परत येतात.

कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचा विरोध राजकारणाचा म्हणून सोडून देता येतो. त्यांचा मुद्दा सोडून देता येत नाही. नागपूर-रत्नागिरी महामार्ग बऱ्याच भागात याच दिशेने जातो, मग बागायती जमिनीतून दुसरा कशाला? देवीच्या भक्तांसाठी, असं उत्तर येतं. देवीचा भक्त तुळजापूरला कसा जातो ते नवरात्रात कोणीही सोलापूरच्या रस्त्यावर उभं राहून बघावं. पायी, एसटीने, जीपच्या टपावर बसून. तुळजापूरला रेल्वे नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा मार्ग मंजूर आहे, त्यात राज्याचा वाटा ठरलेला आहे. तो आधी पुरा करा, आणि मग पवनारपासून भूसंपादनाच्या नोटिसा काढा.